खिद्रापूरचे अठ्ठेचाळीस खांब आणि आत्याचा फोटो

कोल्हापुरात उतरलो की मी आधी खासबागेकडे जातो. शाळेच्या सुट्टीत आत्याकडे यायचो, तेव्हापासूनची सवय. या वेळीही सकाळी एसटीतून उतरून थेट तिथेच गेलो आणि नाट्यगृहाच्या भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिलो. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाचं झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

लहानपणी या नाट्यगृहात मी अगदी मागच्या रांगेत बसून नाटक पाहिलंय. रंगमंचावर कुणी हळू आवाजात बोललं तरी ते मागपर्यंत यायचं. दगडी भिंती पुन्हा बांधता येतील, लाकूडकामही होईल. पण तो आवाज?

आतेभावाला हेच बोलून दाखवलं. तो भूमापनाचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या वास्तूंचे त्रिमितीय नकाशे करतो. तो म्हणाला, "दादा, तिथं कधी कुणी फुगा फोडला होता का?"

मला आधी कळेना. मग त्याने समजावलं. बंद जागेत फुगा फोडायचा आणि त्याचा घुमारा शेवटपर्यंत रेकॉर्ड करायचा. त्या दोन-चार सेकंदांत ती जागा आवाजाशी कशी वागते ते सगळं येतं. भिंतीवरून आवाज कधी परततो, छत त्यातलं काय गिळतं, लाकूड काय मऊ करतं, सगळं. पुढे स्टुडिओत गायलेलं पद संगणकावर त्या घुमाऱ्यातून काढलं, की ते त्याच जागेत गायल्यासारखं ऐकू येतं. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा आवाज २०१३ मध्ये असाच मोजून ठेवला होता. अँड्र्यू टॅलन नावाच्या कला-इतिहासकाराने लेझरने त्या वास्तूचे अब्जाहून जास्त बिंदू टिपले होते. २०१८ मध्ये तो वारला आणि एप्रिल २०१९ मध्ये चर्चला आग लागली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, त्या कामात त्याची मापं हाताशी होती. चर्च धडधाकट उभं असताना एका माणसाला ते मोजावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खिद्रापूरला निघालो, तिथल्या जुन्या कोपेश्वर मंदिराचं फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करायला. जयसिंगपूर, शिरोळ, मग नृसिंहवाडी. वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन बासुंदी खाल्ली, कुरुंदवाड ओलांडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. आभाळ भरून आलं होतं. मी कुरकुरलो, तर आतेभाऊ खूश. ऊन पडलं की सावल्या दगडाच्या रंगात मिसळतात आणि मॉडेलमध्ये कायमच्या चिकटून बसतात. या कामाला ढगच हवेत.

कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात पाऊल टाकलं आणि दोघेही गप्प झालो. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. अठ्ठेचाळीस खांब, मधोमध छताला गोल मोकळं आभाळ आणि बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. त्या शिळेवर उभं राहून वर पाहिलं की सभोवार दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले दिसतात. मंदिरासमोर नंदी नाही. सती त्याच्यावर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो इथे नाही, असं सांगतात. तो नदीपलीकडे यडूरला आहे.

कृष्णा इथून हाकेच्या अंतरावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने काय सोसलं ते इथल्या कुणालाही विचारा. आपण कॅमेरा घेऊन इथे का आलो, हे मला नदीकडे बघितल्यावर नीट कळलं.

काम सोपं नव्हतं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सत्तर-ऐंशी टक्के भाग यायला हवा, म्हणून एक पाऊल, एक फोटो, परत एक पाऊल. संगणक दोन फोटोंमधल्या सारख्या खुणा जुळवतो, त्यावरून कॅमेरा कुठे होता ते काढतो आणि मग दगडाचा प्रत्येक बिंदू अवकाशात बसवतो. अडचण अशी की इथले कातीव खांब एकमेकांसारखे आहेत, काही तर हात फिरवावा इतके गुळगुळीत. संगणक एका खांबाला दुसरा समजतो आणि मंडप स्वतःतच दुमडला जातो. दगडाला काही चिकटवायचं नाही हा आमचा नियम. म्हणून जमिनीवर मोजून अंतरावर आकड्यांचे कागद ठेवले आणि त्यांवर खडे. गावातल्या एक आजी बराच वेळ बघत होत्या. "खांब मोजायला आलाय व्हय? मोजा की. पर कागुद जाताना उचला बरं का." आम्ही सगळे उचलले.

देवळात दर्शनाला आलेली माणसं होती, तिथे फुगा कसा फोडणार! गर्दी ओसरल्यावर आतेभावाने सभामंडपात तीनदा टाळी वाजवली, मी रेकॉर्डर धरून उभा होतो. तिसरी टाळी गाभाऱ्याकडे गेली आणि परत येताना मला ती अंगावर जाणवली.

बाहेरच्या गजपट्टावर मात्र जीव तुटतो. देवळाचा भार पाठीवर घेऊन उभे असलेले हत्ती, त्यातल्या कितीतरींच्या सोंडा फुटलेल्या. रात्री घरी त्यातल्या एका हत्तीचं मॉडेल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाला देऊन पाहिलं. मिनिटभरात सोंड आली, वर उचललेली, सुबक. आतेभावाने शेजारच्या हत्तीच्या सोंडेचा उरलेला बुंधा दाखवला. तो खाली वळत होता. मशीनने हजारो हत्ती पाहिलेत, पण या पट्टावरचा हा हत्ती नाही. जिथे माप नाही, तिथे ते अंदाज करणारच. आणि तो अंदाज इतका देखणा असतो की चार वर्षांनी तोच खरा वाटेल, याची मला भीती वाटते. वारशाच्या संगणकीय चित्रणाबद्दलची लंडन सनद आहे, तिची २००९ ची आवृत्ती हेच बजावते: पुराव्यावरचं काय आणि तर्काचं काय, ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. आम्ही ती सोंड वेगळ्या थरात, निळ्या रंगात ठेवली. मूळ मॉडेलमधला हत्ती फुटक्या सोंडेचाच आहे.

आत्याचे गुडघे गेलेत, खिद्रापूर आता तिला झेपणार नाही. तिच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला, त्यात आमचा मंडप चहूबाजूंनी दिसतो. खुर्चीत बसूनच तिने हात पुढे केला. खांब चाचपला. "गार न्हाई लागत रे," म्हणाली. मग मान वर करून आभाळाचा गोल बघत राहिली.

हेडसेट काढल्यावर तिने विचारलं, "आपलं पॅलेस थिएटर दाखव की ह्यात. मी तिसरीत असताना नाचलो हुतो तिथं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आतेभाऊ म्हणाला, "आई, त्या गॅदरिंगचा फोटो होता ना गं?"

ट्रंकेतून अल्बम निघाला. नऊवारीतल्या सात मुली ओळीत, आत्या डावीकडून दुसरी. फोटोग्राफरने मुलींवरच नेम धरलाय, पण डाव्या कडेला रंगमंचाच्या चौकटीचा वीतभर तुकडा आलाय. आतेभावाने भिंग आणलं. त्या तुकड्यावरचं नक्षीकाम तो बघत राहिला, मग म्हणाला, "शेजारच्या काकूंकडंबी असतील. त्याच शाळेच्या त्या."

आत्या चप्पल शोधायला उठली. "मी येतो की. मला न्हाई म्हणायच्या न्हाईत."