रोमँटिक संगीत संपलं कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोमँटिक म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, भावनेला पहिला मान देणारं पाश्चात्त्य संगीत. त्यातले ब्राम्स, वाग्नर, चायकॉव्हस्की या संगीतकारांपर्यंत सगळं मनाला भिडतं, पण १९०० नंतरच्या पाश्चात्त्य संगीतातली भावना गेली कुठे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

ती कुठेही गेली नाही. ज्यांनी ती संपवली असं म्हणतात, त्यांच्याकडेच मला ती सापडते. संगीतकार शॉनबर्गचं १८९९ मधलं 'फेरक्लेर्टे नाख्ट' ऐका, सहाच तंतुवाद्यं, पण अंगात वाग्नर भिनलेला. पुढे त्यानेच बारा स्वरांची पद्धत आणली: सप्तकातले बाराही स्वर एका ठरलेल्या क्रमात येतात, सगळे समान, षड्जाचा मान कुणालाच नाही.

त्याचा शिष्य आल्बान बर्ग. १९३५ मध्ये संगीतकार मालरची विधवा आल्मा मालर आणि वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांची मुलगी मानोन पोलिओने गेली, अवघ्या अठराव्या वर्षी. बर्गने हातातला ऑपेरा बाजूला ठेवला आणि 'एका देवदूताच्या स्मृतीस' म्हणून व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, लिहिला. पद्धत बारा स्वरांचीच, पण स्वरांचा क्रम बघा: आधी जी मायनर, मग डी मेजर, ए मायनर, ई मेजर, असे जुने ओळखीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, एकमेकांत गुंफलेले. म्हणून तर व्हायोलिन सुरुवातीलाच आपल्या जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारा छेडतं आणि तेही नियमात बसतं. क्रमातले शेवटचे चार स्वर पूर्णस्वराच्या अंतराने चढत जातात. तशाच चढणीने 'एस इस्ट गेनूग' हे प्रार्थनागीत सुरू होतं. अठराव्या शतकातल्या बाखने आपल्या कँटाटात, म्हणजे चर्चसाठीच्या गायनरचनेत, ते घेतलं होतं. कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात आकांत शिगेला पोचतो आणि त्यातून व्हायोलिन ही प्रार्थना म्हणू लागतं, पाठोपाठ क्लॅरिनेट बाखच्याच स्वरसंगतीत उत्तर देतात. इतकं कडक गणित आणि इतका उघडा शोक! मला तरी हे रोमँटिक वृत्तीचंच काम वाटतं.

बर्गला ते ऐकायला मिळालं नाही. तो त्याच डिसेंबरमध्ये गेला आणि पहिला प्रयोग १९३६ मध्ये बार्सिलोनात झाला.

संगीतकार रिचर्ड स्ट्राउस तर १९४८ मध्येही जुन्याच भाषेत चार गाणी लिहीत होता. संगीतकार कोर्नगोल्ड व्हिएन्नाचा तो भरगच्च ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या चित्रपटांत घेऊन गेला. तरीही कुठून सुरुवात करू असं विचाराल, तर मी बर्गच सांगेन, आणि तोही सलग दोनदा ऐका. पहिल्यांदा स्वर परके वाटतात, दुसऱ्या वेळी ती प्रार्थना येणार हे कानाला ठाऊक असतं.