मनगटातून आलेली हाक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा ऐन रंगात आलेला. शेजारी उभ्या असलेल्या अडत्यांच्या मनगटावरच्या घड्याळात बारीक टुंग झालं आणि पाठोपाठ लेकीचा आवाज, "पप्पा, गोळी घेतली काय?"

त्यांची बोटं हळदीनं पिवळीधमक. तसंच एक बोट काचेवर दाबून धरत ते म्हणाले, "व्हय बाळा, घेतली." बोट उचललं. बोलणं संपलं. काचेवर पिवळा ठसा.

पोतं टेकवून उभा असलेला हमाल म्हणाला, "शेट, घरातनं हाक मारल्यागत वाटतंय की!"

अ‍ॅपल वॉच या स्मार्ट घड्याळावर ही वॉकी-टॉकी, म्हणजे दाबून धरून थेट बोलायची सोय, २०१८ पासून आहे. दोघांनी एकदा होकार दिला की रिंग नाही, उचलणं नाही. घड्याळ सायलेंटवर असलं तरी आवाज येतोच. नको असेल तेव्हा आपणच ती बंद ठेवायची.

फोन वाजला की आपण नाव बघतो, आवाज सावरतो. इथं तेवढी सवडच नाही. भर सौद्यात त्या माणसाचा अगदी घरचा सूर लागला, आणि मला ते फार आवडलं. पण लेक रडत असती तर? तेही सगळ्या यार्डानं ऐकलं असतं.

तुम्ही असा होकार कुणाकुणाला द्याल?