कढीपत्त्यावरच्या अंडपेटीपासून पाचव्या अवस्थेपर्यंत: प्रार्थनाकीटकांची नोंद

२० मे रोजी गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या फांदीला चिकटलेली, वाळलेल्या फेसासारखी दिसणारी तपकिरी अंडपेटी सापडली. त्याआधी आठवडाभर त्याच झाडावर पंखावर पांढरट ठिपका असलेली, पोट टम्म फुगलेली हिरोड्युला या प्रार्थनाकीटकाची हिरवी मादी बसत असल्याने पेटी कोणाची, हा प्रश्नच नव्हता. फांदी कापून, पेटीची दिशा न बदलता, ती मोठ्या बरणीत टांगली आणि तोंडाला मलमलचे फडके बांधले. गेल्या वर्षीच्या पेटीतून पिल्लांऐवजी पोडाग्रिऑनच्या, शेपटीसारखी लांब अंडनलिका असलेल्या इवल्याशा परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे या खेपेस फार आशा धरली नव्हती.

३९ दिवसांनी, २८ जूनला सकाळी, पेटीच्या मधल्या पट्टीतून पिल्ले एकमेकांच्या अंगावर ओघळत बाहेर आली, बारीक धाग्यांना लोंबकळत त्यांनी पहिली पातळ कात टाकली आणि तासाभरात बरणीभर पसरली. मोजली तेव्हा ११८ भरली. त्यांतील २० ठेवून बाकीची झुडपांवर सोडून दिली. शंभर पिल्ले पोसण्याचा उत्साह आठवडाभरच टिकतो आणि तोवर ती एकमेकांना खाऊ लागलेली असतात, हे पूर्वी एकदा अनुभवले आहे.

खाद्याची व्यवस्था स्वस्तातली आहे. अतिपिकलेले केळे बाटलीत ठेवून त्यावर फळमाश्यांची पैदास केली आणि बाटली दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून सुस्तावलेल्या माश्या डब्यात टाकल्या. मच्छरदाणीच्या जाळीतून त्या सहज निसटतात, म्हणून सुरुवातीला मलमलच बरे. स्वयंपाकघरातील झुरळाची पिल्ले मात्र फुकट मिळत असली तरी देऊ नयेत, कारण त्यांनी कोणते औषध खाल्ले आहे याचा भरवसा नसतो.

जन्मतानाची पातळ कात सोडल्यास पहिली कात १० जुलैच्या सुमारास पडली आणि तेव्हाच माझी चूक उघडी पडली. प्रत्येक पिल्लू वेगळे करण्यासाठी मी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले होते आणि हवेसाठी केवळ बाजूला भोके पाडून वरची गुळगुळीत झाकणे तशीच ठेवली होती. प्रार्थनाकीटक कात टाकताना छताला उलटा टांगून घेतो आणि त्याचा सारा भार पायांच्या नख्यांवर असतो. प्लॅस्टिकवर नख्या रुतत नाहीत. तीन दिवसांत नऊ पिल्ले अर्धवट कातीसह तळाशी पडलेली आढळली. दोष हवामानाचा असावा अशी समजूत करून घेऊन मी पाण्याचे फवारे वाढवले आणि ओल्या झाकणावरून आणखी दोन घसरली. त्यानंतर झाकणे मधोमध कापून तिथे मलमल ताणून चिकटवले. डबाही असा निवडला की त्याची उंची पिल्लाच्या लांबीच्या किमान तिप्पट भरेल. त्या दिवसापासून पडून एकही पिल्लू गेलेले नाही. आणखी दोन गेली ती केवळ डबे बदलताना एकत्र राहिली म्हणून.

४ ऑगस्टच्या रात्री चौथ्या अवस्थेत (अवस्था म्हणजे दोन कातींमधला वाढीचा टप्पा) जाणारे एक पिल्लू प्रथमच आरंभापासून पाहता आले. मानेमागे पाठीवर कात उकलली, डोके आणि छाती खाली सरकली, मग पाय एकेक करून जुन्या पायमोज्यांतून काढावेत तसे बाहेर आले आणि काही मिनिटे ते केवळ पोटाच्या टोकाने जुन्या कातीला लटकून निश्चल राहिले. मरण पावले असे वाटून मी झाकण उघडणार होतो, तोच त्याने अंगाला झोका देऊन रिकामी कात पकडली. सारा प्रकार वीस मिनिटांत आटोपला. अंग कठीण व्हायला मात्र पुढचे काही तास लागले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला खाद्य दिले नाही.

आज, २४ ऑगस्टला, सात पिल्ले शिल्लक आहेत, त्यांपैकी सहा पाचव्या अवस्थेत असून सुमारे तीन सेंटिमीटर लांब आहेत आणि घरमाशी झडप घालून पकडतात. भिंगाखाली पोटाच्या खालचे खंड मोजले असता चारांत सहा आणि दोघांत आठ दिसतात, म्हणजे चार माद्या आणि दोन नर. मोजणी दिवसा केलेली बरी. रात्री यांचे डोळे काळेभोर होतात आणि आपण काय पाहत आहोत याकडे लक्ष राहत नाही.

सातवे पिल्लू मागे पडलेले आहे. जुलैतल्या गडबडीत त्याचा डावा मागचा पाय मोडला होता. पुढच्या कातीनंतर तिथे बुटका, फिकट पाय उगवला आणि तो टेकवत ते चालते. कालपासून त्याने माशीला शिवलेले नाही, मलमलला उलटे टांगून घेतले आहे. माशी बाहेर काढली, फडक्यावर वरून एक हलका फवारा मारला आणि डबा फडताळात ठेवून दिला.