तुम्ही विचारलंत म्हणून: खडीचं गाणं आम्ही का म्हणत नाही

कार्यक्रम संपतो, नवरा डफ पिशवीत घालत असतो, मी पेटीचा भाता बंद करते, आणि कोणीतरी येतंच. "ताई, खडीचं गाणं का नाही घेतलं?" ते गाणं सोडून सात वर्षं झाली. आम्ही घाबरलो असं काहींना वाटतं. मानधनाच्या मागे लागून मऊ पडलात, असं एका जुन्या कार्यकर्त्याने तोंडावर सुनावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, नवऱ्याला दोष देऊ नका. तो पुढे गातो आणि मी मागे झील धरते, त्यामुळे शब्दही त्याचेच असं लोक धरून चालतात. चाल त्याची आहे. शब्द माझे आहेत, आणि गाण्याआधीचं निवेदनही मीच करायचे.

दुसरी, लोक समजतात तसं ते रोजगार हमीचं गाणं नाही. हमीचा कायदा 1977 चा. माझी आई खडी फोडत होती ती 1972 च्या दुष्काळात, सिन्नरच्या बाजूला, रस्त्याच्या कामावर. बाप आम्हाला टाकून गेला होता. मी झोळीत, भाऊ चार वर्षांचा. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, वाटायचे. आईने तिच्या वाट्याची सुकडी भावासाठी पदरात बांधली. मुकादमाला वाटलं, चोरली. त्याने तिला सगळ्यांसमोर पदर झाडायला लावला. सुकडी खडीत सांडली.

हे आईने आयुष्यात एकदाच सांगितलं. माझ्या बाळंतपणात, रात्री, दिवा मालवल्यावर.

मी त्याचं तिसरं कडवं केलं.

त्या कडव्याने काम केलं, हेही मी सांगणारच. टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून आम्ही गावोगाव बैठका घेत होतो. भाषण झालं की बाया उठून जायच्या. हे गाणं झालं की थांबायच्या, आणि एकीने तोंड उघडलं की दुसरी उघडायची. अर्ज तिथेच चटईवर बसून भरले जायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग माझ्या माहेरी भीमजयंतीचा कार्यक्रम ठरला. लोककवी वामनदादा कर्डकांचा तालुका, त्यामुळे तिथे ऐकणारा कान तयार असतो, आम्ही खुशीत होतो. चिठ्ठी आली: खडीचं गाणं. मी निवेदन सुरू केलं. समोर ताडपत्रीवर बाया बसल्या होत्या, तिसऱ्या रांगेत आई. पुरुषांच्या बाजूला मुकादमाचा मुलगा आणि नातू. मला दिसत होते. मी थांबले नाही. खरं सांगायचं तर ते बसलेत म्हणून मी आणखी जोरात बोलले.

तिसऱ्या कडव्याला आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि उठली. बायांच्या मधून वाट काढायला तिला वेळ लागला. गुडघे दुखायचे तिचे. एका हाताने बायांच्या खांद्यांचा आधार घेत ती चालली होती आणि तेवढा वेळ आम्ही गात होतो. झील माझ्याकडेच होती. सोडली असती तर गाणं तिथेच पडलं असतं. मी सोडली नाही.

घरी गेलो तर भाकरी तयार. जावयाला तिने आग्रह करकरून वाढलं. भांडी घासताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तव्हा येकदा झाडला व्हता पदर. तू रोज झाडती."

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. 2003 साली गाणं बांधलं तेव्हापासून तयार होतं: लाज तुझी नाही, मुकादमाची आहे; चारचौघांत बोललं की ज्याची त्याच्याकडे जाते. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापासून आपण अपमान गाऊनच माणसं उभी केली. हे मला आजही खोटं वाटत नाही. पण त्या जलशातले लोक आपलाच अपमान गात होते. मी आईचा गात होते. तिच्या डोळ्यांसमोर माझी तेव्हाची बाजू मला मांडता आली नाही.

नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, शाहीर अण्णाभाऊ साठेंनी 'माझी मैना' या लावणीत गावाकडे राहिलेली बायको गायली आणि तिच्या ताटातुटीतून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचं दुःख सांगितलं. घरातलं दुःख असं बाहेर आणलं नसतं तर चळवळीला गाणं कुठून मिळालं असतं? मी विचारते, मैनेला कोणी विचारलं होतं? ते ऐकताना ती कुठल्या रांगेत बसली असती? यावर आम्ही स्वयंपाकघरात भांडलोय, एसटीत भांडलोय, एकदा तर मंचावर चढायच्या पाच मिनिटं आधी.

मध्यंतरी तो म्हणाला, तिसरं कडवं गाळून म्हणू. तसं एकदा गायलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कोणी बाई थांबली नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. "आता तर म्हणायला हरकत नाही ना?" असंही मला विचारलं गेलंय. ती असताना मी तिला सरळ कधी विचारलं नाही, "म्हणू का?" म्हणून. नाही म्हणेल याची भीती होती, आणि हो म्हणेल याचीही.

वही माझ्याकडेच असते. ते कडवं मी खोडलेलं नाही.