काम सोपवता तर सहीचा अधिकार पण द्या ना
आमच्याकडे बेअरिंग संपलं की कोटेशन ज्युनिअरने आणायची, घासाघीस त्यानेच करायची आणि चार हजारांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, सही मात्र माझी, मी टूरवर असलो की मशीन दोन दिवस बंद. शेवटी त्याला पंधरा हजारांपर्यंतची सही देऊन टाकली, अकाउंट्सला मेल टाकून, कारण नुसत्या तोंडी सांगण्याने त्याचं कोणी ऐकत नाही. कोकण रेल्वेचं बघा ना, तेव्हाचे तिथले प्रमुख श्रीधरन यांनी लाईनचे सात भाग पाडून प्रत्येकावर एक चीफ इंजिनिअर नेमला, सगळं बेलापूरच्या हेड ऑफिसातूनच ठरवत बसले असते तर १९९८ ला गाडी धावली असती का? परवा आमच्या ज्युनिअरने बेअरिंग जरा महाग घेतलं, मला खटकलं, पण ऑर्डर फिरवली नाही, संध्याकाळी चहाला विचारलं तर स्वस्तवाला आठवड्याने देणार होता म्हणे.