ध्रुव अठरा अंशांवर आणि माउंट एसटीत

साताऱ्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर दिसतो. हात ताठ करून मूठ धरली, तर दोन मुठींच्याही आत. जिथला अक्षांश जितका, तितकाच तिथला ध्रुव उंच, हे शाळेत शिकलेलं असतं. पण आकाशाचे फोटो काढायला प्रवासात नेता येईल असा माउंट (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) शोधताना हा एक आकडा मला पेलोडच्या, म्हणजे तो किती वजन पेलतो त्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडला.

माझी गरज साधी होती. माझ्याकडे गाडी नाही. घर शहरात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. तिथून मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात येतो, पण देवयानी दीर्घिकेच्या कडा शहराच्या उजेडात बुडून जातात. अंधार हवा तर ठोसेघरच्या पुढे मामांच्या वाडीवर जायचं, तेही एसटीने. कासला का नाही जात, असं बरेच जण विचारतात. 2012 पासून जागतिक वारशात असलेल्या त्या पठारावर, इतक्या नाजूक झाडोऱ्यात रात्री ट्रायपॉड रोवणं मला पटत नाही.

सुरुवातीला कराडच्या मित्राने त्याचा मोठा माउंट वापरायला दिला. ट्रायपॉडवर बसणारं नुसतं डोकंच दहा किलोच्या आसपास, वजनं आणि पाय वेगळे. वाडीवर पोचलो तर मामींनी पिशव्या बघून विचारलं, “आरं, ह्ये सगळं घिऊन येष्टीत चढलास तरी कसा?” माउंट उत्तम होता, फोटोही छान आले. पण असं ओझं असलं की अमावास्या जवळ आली तरी माणूस निघायचा कंटाळा करतो, आणि घरात पडून राहिलेल्या माउंटने फोटो निघत नाहीत.

मग कागद घेऊन बसलो. तारे सेकंदाला 15 विकला सरकतात (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 3.7 मायक्रॉनचा आणि लेन्स 135 मिलिमीटरची, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण 5.7 विकला आकाश. माउंट नसेल तर अर्ध्या सेकंदाच्या आतच तारा एक पिक्सेल ओलांडतो. हाच कॅमेरा 400 मिलिमीटरच्या दुर्बिणीला लावला, तर पिक्सेलमागे 1.9 विकलाच मिळतात. आता छोट्या ट्रॅकरमधल्या, म्हणजे लहान माउंटमधल्या गिअरचा दोष बघू. त्याचा वर्म (गिअर फिरवणारा आट्यांचा दांडा) साधारण दहा मिनिटांत एक फेरा पूर्ण करतो आणि तेवढ्यात तारा थोडा पुढे-मागे झुलतो. हा झोका एकूण 40 विकलांचा धरला, तर त्यातल्या सगळ्यात वाईट मिनिटात तारा 12 विकला हलेल. 135 वर ते दोन पिक्सेल झाले. अशा थोड्या फ्रेम टाकून द्यायच्या, बाकीच्या स्टॅक करायच्या, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करायचा. 400 वर मात्र तेच सहा पिक्सेल होतात आणि ताऱ्याची रेघ दिसते.

पेलोडचा आकडा बघून माउंट घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पाच किलो पेलतो याचा अर्थ पाच किलोची दुर्बीण लावून लांब एक्स्पोजर मिळेल असा होत नाही. आधी फोकल लेंथ (लेन्सचा तो 135 किंवा 400 चा आकडा) आणि पिक्सेल यांचा हिशेब करा, वजन त्यानंतर.

माझ्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, एकाच अक्षावर फिरणारा साधा ट्रॅकर. दुसरा, स्टार ॲडव्हेंचरर जीटीआयसारखा दोन्ही अक्षांचा, स्वतः तारा शोधून देणारा छोटा माउंट; याचं डोकं 2.6 किलोचं. तिसरा, हार्मोनिक गिअरचा, म्हणजे वर्मऐवजी लवचीक दातेरी कड्यावर चालणारा. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएम5 स्वतः पाच किलोचा, पण काउंटरवेटशिवाय (तोल साधायला दुसऱ्या बाजूला लावायच्या वजनाशिवाय) 13 किलो पेलतो. वाचलं की मोह होतोच. पण हार्मोनिक गिअरमध्येही तसा झोका असतोच, त्यामुळे दुर्बीण लावायची तर गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारणं, लागतंच. म्हणजे छोटी गाइड दुर्बीण, तिचा कॅमेरा, एक छोटा संगणक आणि 12 व्होल्टची बॅटरी. माउंटचं वजन वाचलं तरी पिशवीचं वाचत नाही, आणि किंमत लाखाच्या वर. दुर्बीण घेऊन लांबच्या दीर्घिका टिपायच्या असतील तर तो खर्च सार्थकी लागेल. माझ्या 135 च्या लेन्सला त्याची गरज नव्हती.

दुसरा आणि पहिला यांत मात्र मी बराच घुटमळलो. निर्णय झाला तो दोन्ही उसने आणून गच्चीवर 18 अंशांवर लावून बघितल्यावर. युरोप-अमेरिकेतले बहुतेक फोटो आणि व्हिडिओ चाळीस-पन्नास अंशांवरचे. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, म्हणून तिथे तो चांगला वर असतो. आपल्याकडे तो जवळजवळ आडवा होतो. त्यामुळे कॅमेऱ्याचा सगळा भार ट्रायपॉडच्या मध्यावर न राहता उत्तरेकडे पुढे लोंबतो. मग एक पाय बरोबर उत्तरेला ठेवावासा वाटतो, म्हणजे तिपाई कलंडणार नाही. पण मृग पूर्वेला उगवत असताना तिकडे कॅमेरा वळवला की काउंटरवेटचा दांडा सरळ खाली येतो, तोही किंचित उत्तरेकडे झुकून, आणि नेमका त्याच पायाला टेकतो. दोन पाय उत्तरेला ठेवून दांडा मधून जाऊ दिला तर टक्कर टळते, पण भार झेलायला समोर पाय उरत नाही. माउंट आणि ट्रायपॉडच्या मध्ये एक छोटा खांब लावला की दोन्ही सांभाळता येतं, अर्थात त्याचंही वजन पिशवीत येतं. साध्या ट्रॅकरचा दांडा आखूड, वजन एक किलोचं. पाय थोडे फाकवले की खांबाशिवाय भागलं. मी तोच घेतला.

ट्रायपॉडवर मात्र काटकसर केली नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथल्या वाऱ्यात हलकी तिपाई तारेसारखी थरथरते. पाय पूर्ण लांब न करता बसक्या उंचीवर ठेवायचे, मधला दांडा वर काढायचा नाही आणि पिशवी खाली अशी टांगायची की तिचा तळ जमिनीला टेकलेला राहील, नाहीतर पिशवीच वाऱ्यात झुलून फोटो घालवते.

ध्रुव साधायला, म्हणजे अक्ष नेमका ध्रुवावर रोखायला इतकं खाली वाकावं लागतं की गुडघ्याखाली घोंगडी हवीच. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साधारण 40 कला बाजूला आहे. त्या वेळी तो कोणत्या बाजूला ते ॲप दाखवतं, तिथे तो बसवायचा. 10 कलांची चूक राहिली तरी मिनिटाला तारा जास्तीत जास्त 2.6 विकला सरकतो, म्हणजे माझ्या लेन्सवर अर्धा पिक्सेल. तेव्हा त्यात तासभर घालवायची गरज नाही. उत्तरेला डोंगर आडवा आला तर मी नुसत्या होकायंत्रावर माउंट लावतो. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. त्या रात्री 135 ची लेन्स पिशवीत ठेवून 24 ची लावायची आणि आकाशगंगा काढायची.

आता कॅमेरा धरून सगळं सामान एका पाठपिशवीत बसतं आणि एसटीत ती मांडीवर घेता येते. येत्या एप्रिलमध्ये नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा तारकागुच्छ टिपायचा आहे. मध्यरात्री तो दक्षिणेला 25 अंशांपर्यंत चढतो. युरोपच्या बऱ्याच भागातून तो उगवतच नाही. 135 वर तो लहान येईल, म्हणून कराडच्या मित्राकडून त्याची जुनी 200 ची लेन्स मागून ठेवली आहे. एक्स्पोजर 30 सेकंदांच्या पुढे न्यायचं नाही असं ठरवलंय, फ्रेम जास्त घ्यायच्या.