मास्कखालची मान जास्त का भाजते

तोंडाच्या नाहीतर घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणारे पेशंट दोन-तीन आठवडे झाले की विचारतात, मॅडम गाठ तर आत आहे, मग मानेची कातडी एवढी का जळतेय? मी मेडिकल फिजिसिस्ट आहे आणि मला हा प्रश्न अगदी योग्य वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. सगळं नाही, पण बरंचसं उत्तर डोकं-मान हलू नये म्हणून उपचाराच्या वेळी घालतात त्या जाळीच्या मास्कमध्ये आहे.

हा मास्क मोल्ड रूममध्ये बनतो, बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये त्याला कंपनीच्या नावावरून सरसकट ऑर्फिटच म्हणतात. भोकं असलेली थर्मोप्लास्टिकची शीट, साधारण २ ते ३ मिमी जाड, ६५-७० डिग्रीच्या पाण्यात टाकली की मऊ पडते, मग ती चेहऱ्यावर ताणून बसवायची आणि थंड होऊन कडक होईपर्यंत पेशंटने हलायचं नाही. मास्क लागतोच, त्यावर वाद नाही. ३०-३५ वेळा तेच डोकं त्याच जागी यायला हवं आणि मज्जारज्जू अगदी शेजारी असतो.

पण डोसच्या दृष्टीने मास्क म्हणजे नुसती पट्टी नव्हे. लिनॅकचा, म्हणजे रेडिएशनच्या मशीनचा, ६ एमव्ही ऊर्जेचा बीम शरीरात शिरतो तेव्हा वरच्या वरच पूर्ण डोस देत नाही. बीममधले फोटॉन (किरणांचे कण) शरीरातल्या इलेक्ट्रॉनना धक्का देतात, ते पुढे पळत जातात आणि डोस वाढत वाढत साधारण दीड सेंटिमीटर खोलीवर सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे सरळ समोरून येणाऱ्या बीमचा पृष्ठभागावरचा डोस त्या कमाल डोसच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच असतो. (कोबाल्ट मशीनला हीच खोली जेमतेम अर्धा सेंटिमीटर, म्हणून त्यात कातडी जास्त पोळायची.) आता मध्ये प्लास्टिक आलं की वाढ तिथूनच सुरू होते, इलेक्ट्रॉन मास्कमध्येच तयार होऊन थेट कातडीवर येतात. आणि कातडीत नव्या पेशी बनवणारा थर किती खोल, तर सरासरी ०.०७ मिमी! म्हणजे ताणून उरलेलं १-२ मिमी प्लास्टिकही त्याच्यासाठी खूप झालं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमने २००२ मध्ये हे फँटमवर (माणसाऐवजी मोजमापाला वापरतात त्या पुतळ्यावर) मोजलं होतं, तेव्हा मास्कमुळे कातडीचा डोस सरासरी १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्यातच आयएमआरटी, म्हणजे बीमची तीव्रता जागोजागी बदलत डोस देण्याच्या पद्धतीत, बीम अनेक बाजूंनी येतात, मानेच्या गोलाईवर ते तिरके पडतात आणि तिरक्या बीमने पृष्ठभागाचा डोस आणखी चढतो, त्यामुळे पाचवा हिस्सा वगैरे गणित इथे राहतच नाही. प्लॅनिंगमध्ये टार्गेट, म्हणजे पूर्ण डोस द्यायचा भाग, जर थेट कातडीपर्यंत काढलं असेल तर सॉफ्टवेअर तिथेही पूर्ण डोस पोचवायच्या मागे लागतं, आणि हे मला मास्कपेक्षाही जास्त खटकतं, कारण ते टाळणं आपल्या हातात असतं.

काय करता येतं? शीट नीट ताणली तर ती पातळ होते, भोकं मोठी होतात आणि डोस कमी वाढतो, म्हणून मानेपाशी तिची घडी किंवा जाड गोळा राहू देऊ नये. रोग कातडीजवळ नसेल तर टार्गेट ३ ते ५ मिमी आत घ्यावं. प्लॅनिंग सीटीमध्ये (उपचार आखण्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये) मास्क बॉडी कॉन्टूरच्या, म्हणजे शरीराभोवती आखलेल्या सीमारेषेच्या, आत आलाय का बाहेर राहिलाय हे डोळ्यांनी बघावं, सॉफ्टवेअरच्या ऑटोवर सोडू नये, बाहेर राहिला तर काही सिस्टिम तो हिशोबात धरतच नाहीत. अमेरिकेच्या मेडिकल फिजिसिस्ट संघटनेचा २०१४ चा टीजी-१७६ रिपोर्ट याच विषयावर आहे, रेसिडेंट मुलांनी तो जरूर वाचावा. आणि जिथे शक्य आहे तिथे मानेवर मास्कला खिडकी कापावी, पण प्लॅनिंग सीटीच्या आधी, कापल्यावर तो घट्ट धरतोय ना हे बघून. कपाळ, नाकाचा पूल आणि हनुवटी इथली पकड अजिबात सोडायची नाही.

पेशंट आणि घरच्यांना एक सांगते, मास्क सैल वाटला किंवा फारच घट्ट झाला तर त्याच दिवशी टेक्नॉलॉजिस्टला सांगा, वजन उतरलं की असं होतं. मानेला हळद, तेल, डेटॉल काहीही लावण्याआधी विचारा. आणि शेजारच्या पेशंटचा मास्क कापलाय, आपला का नाही, असं वाटून घाबरू नका. ऑपरेशनच्या व्रणात किंवा कातडीतच रोग असेल तर तिथे पूर्ण डोस हवाच असतो, तेव्हा आम्ही मास्क कापत नाही, उलट त्या जागी मुद्दाम बोलस, म्हणजे कातडीचा डोस वाढवणारा जाड थर, ठेवतो.